मागच्या बाकाचा वन्स मोअर

हळर्ण गावात 'वन्स मोअर' कळायला शाळा लागत नाही. अर्थ एवढाच, पुन्हा एकदा. पण वापर बघा! ताटात माशाचं हुमण आणखी हवं असलं तरी वन्स मोअर, कोणी चिखलात घसरून पडला तरी वन्स मोअर. आणि जत्रेच्या नाटकात पद रंगलं की अख्खा मंडप ओरडतो. गाणाऱ्याने तो द्यायचा. न देणारा शिष्ट ठरतो.

मंडपातल्या अगदी मागच्या बाकावरून आला, तर मात्र द्यायलाच हवा म्हणतात. त्या बाकावर कोणी बसत नाही.

आनंदीमावशीने तो दिला होता, ऐन तारुण्यात, दुसऱ्या अंकातल्या विरहाच्या पदाला. दिला की पुन्हा मागणी, पुन्हा दिला की परत मागणी. मंडप रिकामा झाला तरी बाई गातच होती. त्यानंतर तिच्या गळ्यातून शब्द म्हणून फुटला नाही. गावाने काय केलं? पद गाळलं, मावशीला मानाचं लुगडं दिलं, झालं!

भाची गौरवीला याचाच संताप. ती साखळी गावात मुलांना गाणं शिकवते, घर तिच्या गळ्यावर चालतं. यंदा नायिकेचं काम तिच्याकडे आलं आणि तिने हट्टच धरला.

"ते पद मी गाणार. मागच्याने खुशाल मागावं. देणार नाही."

पायपेटीवाले जयरामकाका हबकले. "खुळी काय गो तू? आवाज गेला तर खाशील काय?"

"मावशीने दिला म्हणून गेला, काका. न देऊन कोणाचा गेलाय, सांगा."

काकांनी आठवून पाहिलं. मागच्या बाकाला न देणारं आजवर कोणी झालंच नव्हतं.

रात्री दहानंतर कर्णे बंद, म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहिलं. मावशी पुढच्या रांगेत बसली होती. पद आलं आणि गौरवी अशी गायली, की खाजं चघळणारी तोंडं थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर मागून एक आवाज आला, अगदी सौम्य.

"वन्स मोअर."

बाक रिकामा होता. लोकांनी माना खाली घातल्या. काकांनी सूर धरलाच.

"पेटी थांबवा, काका!"

"दी गो बाय. एकदाच दी आणि मोकळी हो."

गौरवी पुढे आली. रागाने तिचे कान तापले होते. "वन्स मोअर हा मान असतो, हुकूम नव्हे. नाही देणार!"

आवाज पुन्हा आला. या खेपेला मधल्या वाटेवरून.

"नाही!"

मग पुढच्या रांगेपाशी. मावशी धडपडत उठली आणि दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी राहिली.

आवाज गौरवीच्या कानाशी आला.

तो तिचाच होता.

"नाही म्हणते ना!" तिने खसकन दोरी ओढली. पडदा पडला.

मावशी मागच्या दाराने धावत रंगपटात आली. गौरवीने तिच्यादेखत षड्ज लावून पाहिला. स्वच्छ लागला. मावशीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ढसाढसा रडली, आवाज न करता. पडद्यापलीकडे चिडीचूप होतं. लोक घाबरून पळाले असतील, असं समजून दोघी मागच्या मागे घरी गेल्या.

सकाळी जयरामकाका अंगणात आले. बोटांना फडकी गुंडाळलेली.

"शेवटी दिलास गो! पडद्याआडून. काय गायलीस! दहा वाजले तरी थांबेनास. साथ करून बोटं सुजली माझी."

"मी नाही दिला."

काकांनी नातीला, सेजलला, पुढे केलं. तिच्या मोबाइलवर पडलेला पडदा दिसत होता. गौरवीच्याच गळ्यातून पद संपत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. पडद्याखालच्या फटीत दोन पावलं होती.

"गाऊ दे तिला," गौरवी म्हणाली. "माझा गळा माझ्यापाशी आहे. उद्याही नाहीच देणार."

सेजलने चित्र मोठं केलं. फटीतून दिसत होत्या त्या टाचा. गाणारी लोकांकडे पाठ करून, आत, रंगपटाकडे, गौरवी होती तिकडे तोंड करून उभी होती.