पाय कुठे होता?

आपला पाय हवेत होता, याबद्दल संयोगिताला तिळमात्र शंका नव्हती. मग यंत्रमानव पंचाला तो जमिनीवर दिसलाच कसा?

"बाद! पाय सीमारेषेबाहेर," म्हणत पंचाने लाल दिवा लावला.

कबड्डीचा अंतिम सामना, शेवटची दोन मिनिटं, आणि हे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "धादांत खोटं!"

"मला खोटं बोलता येत नाही," पंच म्हणाला.

संयोजकांनीही हात झटकले. "यंत्र चुकत नसतं, बाळ." काय म्हणावं या मोठ्या माणसांना! यंत्राला डोळा दिला की त्याला सगळंच दिसतं होय?

संयोगिताची शैलामावशी वेधशाळेत ताऱ्यांची अंतरं मोजायची. ती प्रेक्षकांतून उठून तरातरा मैदानात आली.

"संयू, बोट नाकासमोर धर. एक डोळा मीट. बोटामागे काय दिसतं?"

"झेंड्याचा खांब."

"आता तो उघड, दुसरा मीट."

बोट टुणकन खांबाच्या बाजूला गेलं!

"बोट हललं?"

"नाही. डोळा बदलला."

"हाच पराशय (बघण्याची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसणे). पंच मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभा आहे. तिथून बघताना तुझ्या उचललेल्या पायामागे रेषा झाकली गेली, म्हणून पाय बाहेर टेकल्यासारखा दिसला. त्यानं दिसलं तेच सांगितलं. पण एकाच जागेवरून निकाल द्यायचा म्हणजे काय!"

पंचाने क्षणभर विचार केला. "दुसऱ्या जागेवरचं चित्रण आहे?"

रेषेच्या टोकाशी बसलेल्या एका मुलीच्या फोनमध्ये होतं. पंचाने ते पाहिलं आणि निकाल फिरवला. संयोगिताच्या संघाला एका गुणाची आघाडी मिळाली.

पुढच्याच चढाईत समोरच्या संघाची रुक्साना दोघींना शिवून त्याच रेषेजवळून परतली. पुन्हा लाल दिवा! वेळ संपली. मैत्रिणी नाचायला लागल्या. संयोजक चषक पुसायला लागले. रुक्साना मात्र रडवेली होऊन उभी होती.

तिचा पाय हवेत होता. संयोगिताने तो अगदी जवळून पाहिला होता. तिचं डोकं पुन्हा सणकलं.

"पंच! आत्ताच शिकलास ना? मग इकडे ये, फोनमध्ये बघ!"

"अगं, आपण हरू!" मैत्रिणींनी तिचा हात ओढला.

"हरू दे! माझ्यावर झाला तो अन्याय, आणि तिच्यावर झाला तो निकाल?"

पंच चाकं फिरवत आला. त्याने चित्रण पाहिलं आणि लाल दिवा विझवला. दोन गुण रुक्सानाला मिळाले, आणि चषकही.

मग पंच संयोजकांकडे वळला.

"पुढच्या सामन्याला मला आणखी एक डोळा द्या. रेषेच्या टोकाशी. आणि मी चुकत नाही, असं कोणाला सांगू नका."