अनंताची पहिली कळी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मला फरक पडत नाही. मी झाडं विकते, थापा नाही. हे माझ्याच घरी घडलं. आणि रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, लख्ख उन्हात.

आमच्या घराला लागूनच रोपवाटिका आहे. ती उभी केली माझ्या सासूबाईंनी. बाई कडक. त्यांचा एक नियम होता : नव्या कलमाची पहिली कळी खुडायची, पहिल्या बहरातली एकही ठेवायची नाही. मुळं नीट धरायच्या आत फुललं, तर झाड जीव टाकतं. त्या अंगठ्याच्या नखाने कळी अशी खुडायच्या, की नुसतं 'टक्' ऐकू यायचं.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या उन्हाळ्यात माझी आई माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईचं एकच मागणं, "माझ्या दारातल्या अनंताचा वास एकदा घेऊ दे गं."

तिचं घर विकलं गेलं होतं. पण त्याआधी मी त्या झाडाच्या फांदीवर गुटी बांधून एक कलम करून आणलं होतं. नळाचं पाणी अनंताला सोसत नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी घातलं. सकाळचं ऊन दाखवलं, दुपारचं टाळलं. तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

आणि त्याला कळ्या आल्या.

नियम मला पाठ होता. पण पुढच्या बहरापर्यंत आई थांबणार होती का? मी कळ्या ठेवल्या.

दुसऱ्या दुपारी आईला पाणी पाजत होते. बाहेरून आवाज आला...

टक्.

धावत गेले. शेंड्याची कळी कुंडीच्या काठावर होती. पडलेली नाही. ठेवलेली.

नवरा म्हणाला, "खार असेल."

"खार कळी काठावर मांडून जाते होय?"

त्याने कळी उचलून देठ पाहिला. स्वतःच्या आईची सवय त्याला ठाऊक होती.

मग रोज तेच. मी जाळी लावली, फाटकाला कडी घातली... जाळी जागच्या जागी, कडी जागच्या जागी, आणि कळी काठावर.

शेवटी एकच उरली. माझं डोकं फिरलं. भर दुपारी स्टूल घेतलं आणि कुंडीला खेटून बसले.

वारा पडला. पाखरं चिडीचूप झाली...

मागच्या रोपांमधून चपला फरफटल्याचा आवाज आला. जवळ येऊन थांबला.

भीती वाटली का? वाटली. तरी बोलले.

"सासूबाई, तुमच्या हयातीत ब्र काढला नाही. आज काढते. झाड मेलं तर मरू दे. ही कळी माझ्या आईची आहे. खुडायचीच असेल, तर आधी माझं बोट मोडा."

मी कळीवर तळहात धरला...

मग चपला फरफटत गेल्या. घराच्या दिशेने.

मला वाटलं, मी जिंकले.

सकाळी कळी उमलली. पांढरीशुभ्र. फूल आईच्या नाकाशी धरलं. तिने डोळे मिटून श्वास ओढला. कित्येक दिवसांनी चेहरा खुलला. मग डोळे उघडून ती माझ्या बाजूला बघत म्हणाली,

"विहीणबाई, जरा सरा की. लेक दिसत नाही मला."

माझ्या बाजूला कोणीच नव्हतं.

सर्रकन काटा आला अंगावर. पण मी हटले नाही. त्या रिकाम्या जागेच्या आणि आईच्या मधे जाऊन उभी राहिले.

"कळी सोडलीत, उपकार झाले," मी म्हटलं. "हिला मात्र हात लावायचा नाही."

झाड आठवडाभरात वाळलं. आई अजून आहे. डॉक्टरांनाही नवल वाटतं. रोज दुपारी ती विचारते, "विहीणबाई गेल्या का गं?"

"कधीच गेल्या," मी ठणकावून सांगते.

खरं काय ते मला माहीत नाही. पण आईच्या खोलीत मी दाराकडे पाठ करून बसत नाही.