रिकामा घोडा

सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडाचा कीस झाडण्यात माझं वय गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा वस्तीत साक्षरतेचा वर्ग चालू होता. मुलगा भारत म्हणाला, "घरात बसून काय करशील, आई? जा." पाटीवर नाव गिरवताना बोटांना जुनं आठवलं. हरसूलकडच्या आमच्या पाड्यावर, नवऱ्याच्या हयातीत, लग्नाचा चौक लिहायला मलाच बोलवत. चित्र काढलं असं आम्ही म्हणत नाही, चौक लिहिला म्हणतो.

चौक लिहायचा तो लग्नघरी, आणि सवाशिणींनी. मी विधवा, घरात लग्नही नव्हतं. पण हात ऐकेना. खोलीची भिंत गेरूनं सारवली, तांदूळ वाटले, बांबूची काडी चावून मऊ केली. मधे देवी लिहिली, भोवती झाडं, मोर, बाजूला घोडा. घोड्यावर नवरदेव बसवतात. तो बसवला नाही, तेवढं भान होतं. भारतच्या लग्नात बसवू, म्हटलं.

काही दिवसांनी चौकाच्या खालच्या कडेला माणसं दिसू लागली. काडीएवढी, रांगेनं चाललेली.

"वऱ्हाड लय वाढलंय," भारत चहा पिता पिता म्हणाला. "एवढ्यांना जेवायला कोण घालणार?"

"मी नाय लिहिलं ते."

"मग काय, भिंत पण येते तुझ्याबरोबर वर्गाला?"

तो हसत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. पुढचा माणूस डावा पाय ओढत होता. माझा नवरा वाळू तसाच चालायचा. त्याच्यामागे पाठीत वाकलेली, डोक्यावर टोपली घेतलेली माझी सासू भिमाबाई. मागचेही ओळखीचे निघाले. त्यांतलं जिवंत कुणी नव्हतं.

मी ती खालची कड पुन्हा सारवली. गेरू वाळला तशी माणसं वर आली, घोड्याच्या आणखी जवळ.

सोमवारी सकाळी घोड्यावर नवरदेव होता. त्याच्या हातात जेवणाचा डबा लोंबत होता.

"भारत, आज कामाला नको जाऊ."

"खाडा पडंल, आई."

त्यानं ओट्यावरचा डबा उचलला आणि गेला.

मी विळा घेतला. घोड्यावरचा नवरदेव खरवडून काढला, खालचं सिमेंट दिसेस्तोवर. पांढरी पूड मुठीत धरून बसले. वाटलं, वाचवला.

संध्याकाळी भारतच्या कारखान्यातले दोघं दारात आले. एकाच्या हातात त्याचा डबा.

"भारत घरी आलाय का, मावशी?"

"नाय."

"मशीन चालूच होतं. तो नव्हता. चपला तिथंच होत्या."

"कधी?"

"सकाळीच. कामाला लागल्या लागल्या."

पोलिसांनी शोधलं, मग सोडून दिलं. भिंतीवरचं वऱ्हाड त्या सोमवारी रात्रीच गेलं. घोडा राहिला.

भारतला परत लिहावं असं रोज वाटतं. पण लिहायचं तर घोड्यावरच, आणि घोड्यामागं ते मेलेल्यांचं वऱ्हाड परत येईल.

ती पूड मी टाकली नाही. त्याच डब्यात ठेवली. इतकी वर्षं झाली, झाकण उघडलं की ती ओली असते.

आणि कोमट.