नकाशाची घडी

दुपारची झोप आटोपून निवृत्त कर्नल अभ्यासिकेत आले, तेव्हा टेबलावर नकाशा होता. त्यावरचा ट्रेसिंग पेपर मात्र गायब होता.

पाच वाजता वहिनी हजर झाल्या. खासगी तपासाचं काम त्या पंधरा वर्षं करत होत्या. सोबत त्यांचे धाकटे दीर. वही, छत्री आणि शंका सांभाळणं हे भावजींचं काम.

"एक कागदच ना? दुसरा काढा की," भावजी म्हणाले.

"चौतीस वर्षांपूर्वीचा आहे तो. त्या सकाळी नदीकाठी काढलेला," कर्नल म्हणाले. "निळ्यात आमची माणसं, लालमध्ये शत्रू. कडेला प्रत्येक हुकमाची वेळ आणि सही. नकाशावर ठेवला की सगळी लढाई डोळ्यांसमोर येते."

उद्या सकाळी ते सैनिकी अभ्यासकेंद्रात निबंध वाचणार होते. विषय आजच्या जमिनीवरच्या लढाईचा. डोक्यावर ड्रोन, सगळे संदेश ठप्प. अशा वेळी पुढच्या तुकडीने कोणाचं ऐकायचं? उत्तर शोधत ते त्या जुन्या लढाईपाशी पोचले होते. तिथे वायरलेस बंद पडला होता आणि त्यांचा मित्र तुकडी घेऊन मागे सरला होता. हुकूम नसताना, अशी दप्तरी नोंद होती.

"गवय्या म्हणायचो त्याला. वायरलेसवर गुणगुणायचा. आम्ही शिव्या घालायचो आणि ऐकतही बसायचो." कर्नल खिडकीकडे पाहत राहिले. "त्याच दिवशी गेला. पळपुटा ठरून. उद्या त्याची बायको पहिल्या रांगेत बसणार आहे. कागद नसेल तर माझ्या नुसत्या शब्दाला कोण विचारतो?"

वहिनींनी नकाशा उचलला. चौकोनी घडी, छापील बाजू बाहेर, नदीचं वळण नेमकं वर.

"घडी तुम्ही घातलीत?"

"छे! हात थरथरतात माझे. उघडाच ठेवला होता."

दुपारी घरात आणखी तिघं होती.

अभ्यासकेंद्रातले नकाशेवाले काका घडी पाहून कळवळलेच. "कोणी केला हा अत्याचार? घडीवर कागद फाटतो हो! आमच्याकडे नकाशा सपाट, नाहीतर गुंडाळलेला. चाळीस वर्षांत एकाही नकाशाला मी घडी घातलेली नाही."

तरुण मेजर संशोधनात कर्नलांचे विरोधक. "संदेश तुटला तरी माणसाने हुकमाची वाट पाहावी, असं माझं मत आहे. पण कागद चोरून वाद जिंकता येतो का?"

वहिनींनी नकाशा उलगडला. "नदी दाखवा, आणि मग घडी घालून द्या."

नदी सापडली. घडी काही जमेना. शेवटी मेजरांनी बोचकं करून नकाशा परत दिला. "मी सगळं पडद्यावर बघतो हो."

"हाच तो," भावजी कुजबुजले. "मुद्दाम वेंधळेपणा करतोय."

"तुम्ही रोज करता, तोही मुद्दामच का?"

कर्नलांची मुलगी जेवणाच्या टेबलावर त्यांचा निबंध टाइप करत होती. शेजारी तिच्या लेकाच्या पुस्तकांची चळत; कव्हरांचे कोपरे पार मुडपलेले, एकाचं तेवढं कोरं करकरीत.

"शेवटचं प्रकरण राहिलंय बघा," ती मान वर न करता म्हणाली.

"उद्या शाळेत काय आहे त्याला?" वहिनींनी सहज विचारलं.

तिने पर्समधून वेळापत्रक काढलं. चौकोनी घडी, उद्याचा वार वर. न उलगडताच वाचलं, "गणित आणि चित्रकला."

सहा वाजता वहिनींनी सगळ्यांना अभ्यासिकेत बसवलं.

"कागद नेणाऱ्याने घाईतही नकाशाची घडी घातली. का? हाताची सवय. हवा तो भाग बाहेर, म्हणजे आघाडीवर वाऱ्यापावसातही न उलगडता वाचता येतो. काका घडी घालणार नाहीत, मेजरांना ती येत नाही. या घरात ती दोघांना येते. त्यातल्या एकाचे हात थरथरतात."

"वेळापत्रक!" भावजी पहिल्यांदाच वेळेवर बोलले.

"निबंधाचं शेवटचं प्रकरण टाइप करणारीनेच फक्त वाचलंय. आणि वर्षाच्या मध्यावर एकाच पुस्तकाला नवं कव्हर कशाला?"

मुलगी उठली. पुस्तक आणून तिने कव्हर सोडवलं. आत ट्रेसिंग पेपर होता.

"फाडवेना मला," ती म्हणाली. "बाबा, मागे फिरायच्या हुकमाखाली सही तुमची आहे. तुम्हीच त्यांना मागे बोलावलंत. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"खरं तेच म्हणतील. हुकूम दिला आणि वायरलेस मेला. ऐकणारा गवय्या एकटा, तोही गेला. चौकशीत मी गप्प राहिलो. कागद माझ्याच ट्रंकेत होता. म्हणून तर लिहिलंय, तुकडीच्या म्होरक्याजवळ मागे फिरायचा अधिकार आधीच लेखी हवा." कर्नल खुर्चीत खचले. "त्याच्या मुलाला शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल गं?"

बाहेरून तिच्या लेकाचा आवाज आला, "आई, माझं पुस्तक कुठंय?"

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग तिने नकाशा पसरला, कागद वर ठेवला, तो नेमका बसावा म्हणून कोपऱ्यांत काढलेल्या दोन्ही फुल्या जुळवल्या. बाबांचा हात कागदावर थरथरत होता. तिने त्यावर आपला हात ठेवला.

"त्या हुकमाची वेळ वाच," कर्नल म्हणाले.

"सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं."

कर्नलांनी काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. सूर काही लागला नाही.

भावजी उत्साहाने नकाशाची घडी घालायला पुढे सरसावले.

"नको हो," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "उद्यापर्यंत उघडाच राहू द्या."

आणि ती शेवटचं प्रकरण टाइप करायला गेली.