एअर स्क्रूवरची लाल रेघ

त्या संध्याकाळी निवेदिता अप्पांना होन्नकेरे तळ्यावर फिरायला घेऊन गेली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि गंमत अशी, की घडलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला आजही पुरतं म्हणवत नाही.

भुरभुर पाऊस होता. तळ्याच्या मधोमध जलपर्णी काढणारी एक म्हातारी बोट धापा टाकत चालली होती. अप्पा, म्हणजे तिचे वडील नरसिंहराव, काठी टेकून थांबले. चाळीस वर्षं चामराजपेटेत डिझेल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. उजवा हात लुळा पडून दोन वर्षं झाली होती, पण कान शाबूत. "एअर धरलीय," ते म्हणाले. "बंद पडेल बघ आता." आणि पडलीच.

बोटीवरचा तरुण लांब बांबूनं तळ रेटत कसाबसा काठाला आला. निवेदितानं कन्नडात काय झालं म्हणून विचारलं, त्यानं हिंदीत काहीतरी सांगितलं, आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "वाट लागली आपली."

तिला हसू फुटलं. "लागली नाही अजून. स्वल्प थांबा, बघते."

तो बघतच राहिला. "तुम्ही इथे... मराठी?"

"साडेतीनशे वर्षं झाली. तुम्ही?"

"दोन महिने," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

त्याचं नाव मुकुल. पुण्याचा. तळं साफ करायच्या कामावर देखरेखीला नेमलेला, इंजिनातलं ओ की ठो कळत नसलेला. तिनं ओढणी कमरेला खोचली, बोटीत उतरली आणि त्याला समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. टाकी आणि पंपाच्या मधे हा फिल्टर. त्याच्यावर हा एअर स्क्रू. हा पाव आटा जरी सैल राहिला, तरी डिझेलचा थेंब बाहेर येत नाही, पण पंप आत हवा ओढतो, आणि थोडा वेळ चालून इंजिन गप्प होतं. मग स्क्रू सैल करायचा, हातानं पंप मारायचा, बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की आवळायचा. तिनं तसं केलं. इंजिन सुरू झालं. मुकुल मात्र इंजिनाकडे बघतच नव्हता... तिच्या गालावर लागलेल्या काळ्या डागाकडे बघत होता. तिला ते कळलं, आणि तिनं डाग मुद्दाम पुसला नाही. का, ते आता तुम्हीच समजा.

अप्पांच्या गॅरेजची तब्येत मात्र तेव्हा त्या बोटीपेक्षाही वाईट होती. डिझेलची गिऱ्हाइकं आटत चाललेली. अप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याअखेर मोठं काम आलं नाही तर जागेच्या मालकाला किल्ली देऊन टाकायची. अशात तळ्याच्या ऑफिसनं शब्द दिला. हे इंजिन महिनाभर नीट चालवून दाखवा, चारही बोटींचं वर्षाचं काम तुमच्या गॅरेजला. नाहीतर ही बोट भंगारात. निवेदितानं त्या रात्री देवासमोर जरा जास्तच वेळ हात जोडले.

आणि पुढच्या शनिवारी मुकुलचा फोन आला. "बंद पडलं. येता का?"

ती गेली. एअर काढली, वॉशर बदलले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा फोन. या वेळी तिनं डिझेलचा पाइपच नवा घातला. मग पंपाचा पडदा बदलला. तरी आठवडाभर इंजिन गोड चालायचं, आणि शनिवारी फोन वाजायचा.

बोलायला सोबत होती, तेवढाच काय तो दिलासा. तो फ्लास्कमधून कॉफी आणायचा, टॉर्च धरायचा, आणि टॉर्च हवा तिथं सोडून तिच्या तोंडावर पाडायचा. ती रागावली की म्हणायचा, "इंजिन तर रोजच बघतो." शनिवार आला की ती हात तीन-तीनदा साबणानं घासायची, केसांत अबोली माळायची. मल्लेश्वरमच्या मावशीनं विचारलंही, की बोट दुरुस्त करायला जातेस की बघायच्या कार्यक्रमाला. निवेदितानं मान खाली घातली.

पण घरी परतताना ती वाटभर एकच गोष्ट घोळवायची. तिसऱ्या वेळी तिला स्क्रू किंचित सैल लागला होता. किंचितच. तिनं स्वतःच आवळलेला. चौथ्या वेळीही तसाच. म्हणजे आपल्याला साधा स्क्रूही आवळता येत नाही? अप्पांचं गॅरेज आपण चालवणार ते कशाच्या जोरावर? ती स्वतःचे हात उजेडात धरून बघायची, त्यांत काही खोट दिसते का म्हणून. एके दिवशी अप्पा जेवताना हळूच म्हणाले, "निवी, हात बसला नाही बघ तुझा अजून." एवढंच. ओरडले असते तर तिला चाललं असतं. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

पाचव्या खेपेला अवजारांच्या पेटीत तिला नेलपॉलिशची जुनी बाटली सापडली. अप्पांची जुनी रीत. काम झालं की नटाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ ओढायची. कुणी हात लावला की रेघ तुटते. ही म्हाताऱ्यांची खोड म्हणून निवेदितानं ती कधी पाळली नव्हती. या वेळी वाटलं, निदान ही रेघ तरी सांगेल, स्क्रू थरथरून फिरतो की काय. तिनं रेघ ओढली.

"स्वतःची नखं कोरी, आणि इंजिनाचा शृंगार?" मुकुल हसला. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

शनिवारी फोन आला. ती पोचली तेव्हा ऑफिसचं पत्रही आलेलं होतं. पाच आठवड्यांत पाच बिघाड, बोट सोमवारी भंगारात. ऑफिसनं गेटवरच्या रजिस्टरात मोजले होते. प्रत्येक वेळी तिनंच तर तिथं सही केली होती, 'इंजिन दुरुस्ती', आणि एकदा नावापुढं उगाच फूलही काढलं होतं.

तिनं झाकण उघडलं. लाल रेघ मधोमध तुटलेली होती. आणि स्क्रूच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. थरथरून फिरलेल्या स्क्रूला ओरखडे पडत नाहीत.

तिनं मान वर केली. मुकुलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाव आटा," तो म्हणाला. "तूच शिकवलं होतंस... तू यावंस म्हणून. पत्राचं मला आज कळलं, निवेदिता. ते गेटवर मोजताहेत हे मला खरंच माहीत नव्हतं."

"प्रत्येक वेळी?"

"पहिली सोडून. पहिली देवानं पाडली."

तिनं झाकण परत लावून टाकलं. ज्या शनिवारांची ती वाट बघत होती, त्याच शनिवारांनी तिचं गॅरेज खाल्लं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, समोर उभ्या या मूर्ख माणसाचे ओले डोळे तिला अजूनही पुसावेसे वाटत होते. ती एवढंच म्हणाली, की हे सगळं अप्पांना येऊन सांगा. तुमच्या तोंडानं.

तो आला, हेही खरं. रविवारी सकाळी चामराजपेटेत, आंघोळ करून, परीक्षेला आल्यासारखा. ऑफिसातही आपण सगळं कबूल केलं, म्हणाला. नोकरी गेली, पण पत्र काही फिरलं नाही. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं निवेदिताचा हात ओढून मांडीवर घेतला.

"चांगला आहे हात," ते म्हणाले. "मीच नीट ऐकलं नाही."

किती दिवस ती या वाक्याची वाट बघत होती. आलं, तेव्हा आदल्याच संध्याकाळी मालकाला किल्ली देऊन झाली होती.

सोमवारी क्रेननं बोट उचलली. त्याआधी तिनं एअर काढून स्क्रू आवळला आणि इंजिन एकदा शेवटचं सुरू केलं. बांधावर अप्पा डोळे मिटून ऐकत उभे होते. अर्धा तास ते म्हातारं इंजिन एकदाही खोकलं नाही, आणि अप्पांच्या गालावरून पाणी ओघळलं. मग तिनंच ते बंद केलं.

मुकुल फाटकापाशी उभा होता, पुण्याच्या बसचं तिकीट खिशात. "पुढच्या शनिवारी... फोन केला तर?" त्यानं विचारलं. "काही बिघडलेलं नसताना?"

निवेदिता ओढणीनं हात पुसत राहिली, डाग निघून गेल्यावरही.

"तसा पहिल्या शनिवारी करायचात," ती म्हणाली. "नुसतं या म्हणाला असतात ना, तरी आले असते मी."

मग तिनं अप्पांचा हात धरला आणि जयनगरकडून येणारी घरची बस बघायला वळली.