मामा-भाचे एका नावेत

“...आणि मग काय सांगू! नाव अशी कलली, अशी कलली, की मी थेट पाण्यात!”

ओसरीवरून गोपाळचा आवाज आला आणि माजघरात सुपारी कातरत बसलेल्या चिंतामणीमामांचा अडकित्ता हातातच थांबला. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची धाकटी बहीण यशोदाबाई चिवड्याची परात घेऊन उभी होती. तिने भावाकडे पाहिले आणि चटकन मान फिरवली. दर रविवारी दुपारी हे असेच व्हायचे! बाहेर हशा पिकायचा आणि आत ही दोघे पिकल्या केसांची भावंडे एकमेकांची नजर चुकवायची.

“निंगप्पा नावाडी म्हणजे मोठा वस्ताद माणूस!” गोपाळ रंगात आला होता. “त्याने माझी शेंडी धरली आणि शेतातला मुळा उपटावा तसा मला वर खेचला! मी असेन पाच वर्षांचा. नाकातोंडात पाणी गेलेले, आणि बाहेर आल्यावर मी विचारतोय काय, तर ‘माझी टोपी कुठाय?’ टोपी गेली वाहून आणि आम्ही लागलो काठाला!”

ओसरी हसून हसून दणाणली.

सन चौतीस-पस्तीसचा सुमार. भीमेवर बोरखेडजवळ नवा पूल उभा राहिला आणि सोलापुरातल्या या चार-पाच जणांना नावेचे अगदी वेड लागले. माणसाचा स्वभावच मेला उफराटा! नाव होती तोवर हेच लोक तासन् तास वाळूत ताटकळत बसायचे, नावाड्याच्या नावाने बोटे मोडायचे. आणि आता नाव बंद व्हायची म्हटल्यावर ह्यांच्या डोळ्यांत पाणी! मल्लप्पा कापडवाला पलीकडच्या गावांच्या बाजाराला लुगड्यांची गाठोडी घेऊन जायचा, संगप्पा जोंधळ्याच्या व्यापारासाठी ये-जा करायचा, आणि गोपाळ शाळामास्तर असून, मामा नको म्हणत असूनही, सुट्टी मिळाली की नुसता बसायला म्हणून अलीकडच्या काठाला लागलेल्या नावेत जाऊन बसायचा. पैलतीरावरच्या नावेला ‘हुईऽऽ’ करून साद कशी घालायची, बुजऱ्या बैलाला नावेत चढवताना त्याच्या डोळ्यांवर टापर कशी बांधायची, वाळूत बसून धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली की तशी चव घरी का लागत नाही... एक ना दोन! बोलून बोलून ह्यांची तोंडे दुखत नसत. आणि शेवटी कुणीतरी म्हणायचेच, “मास्तर, ती तुमची टोपीची गोष्ट होऊन जाऊ द्या की!”

त्या गोष्टीत बुडाली होती ती फक्त टोपी.

खरे काय घडले ते या घरात दोघांनाच ठाऊक होते. वीस वर्षांपूर्वी चिंतामणीमामा बोरखेडला घरची जमीन बघत होते. नावेचे खरे वेडे तेच! भर पुरात पोहून पलीकडे जाणारा तो गडी. निंगप्पाला काही काम निघाले की वल्ही मामांच्या हाती देऊन तो खुशाल गावात जाई. त्या श्रावणात पंचमीला माहेरी आलेल्या यशोदेला आणि तिच्या गोपाळला सोलापूरला पोचवायचे होते. आणि बरोबर प्रेमलाही होती, मामांची बायको, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी निघालेली. नदीचे पाणी चढू लागले होते.

“मालक, पानी लई वढ घ्यायलंय,” निंगप्पा म्हणाला होता. “पर दोन खेपा हुतील. बसा बिगीनं.”

मामांनी एक पाय नावेत टाकला आणि यशोदेने त्यांचा हात धरला. “दादा, तू नको रे बसू! मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये म्हणतात. माझं एवढं एकच पोर आहे...”

मामा हसले होते. बहिणीचे मन मोडायचे कशाला? ते खाली उतरले. नावेच्या कडेला पदर सावरून बसलेल्या प्रेमलेने भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि ते म्हणाले, “भिऊ नको. पुढच्या खेपेला आलोच मी.”

वाहत आलेले एक अख्खे झाड ऐन मधोमध नावेवर आदळले. निंगप्पाचे हात दोनच. एका हाताने त्याने पोर उचलले आणि दुसऱ्याने नाव धरली. यशोदा कडेला लोंबकळली. आणि प्रेमला... काठावरून मामांनी उडी घेतली, पण काठ कुठे आणि मधला प्रवाह कुठे! नावेत एक पोहणारा माणूस जास्त असता तर...! पण तो माणूस होता काठावर, रीत पाळत! दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला ती सापडली, पोटातल्या जिवासकट.

चितेची राख नदीत सोडून मामा परत आले तेव्हा गोपाळ तापाने फणफणला होता आणि टोपीसाठी हटून बसला होता. त्याला बाकीचे काही कळलेच नव्हते. मामांनी बहिणीला बाजूला घेतले आणि तिच्याकडून शपथ घेतली. “यशे, मामी माहेरी बाळंतपणात गेली असंच सांगायचं. आपल्या जिवापायी मामी गेली हे त्याला कळलं तर पोर जन्मभर कुढत राहील. माझ्या गळ्याची आण आहे तुला!”

पुढे यशोदेचा नवरा गेला. मामांनी बोरखेड सोडले, सोलापुरात गिरणीत कारकुनी धरली, पुन्हा बोहल्यावर चढले नाहीत, आणि बहिणीच्या पोराला पोटच्या पोरासारखे वाढवले. बोरखेडला मात्र त्याला कधी नेले नाही, आणि स्वतः तर त्या नदीचे तोंडही पाहिले नाही. ह्यावरूनच लोक म्हणायचे, “मामा भारी भित्रे हो!”

त्या रविवारी ओसरीवर मल्लप्पाने बातमी आणली. “मास्तर, दसऱ्याला नाव अखेरची सुटनार. मग वर वढून लाकडं मोकळी करनार म्हनं. आपन समदे जाऊ या की!”

“जायचंच!” गोपाळ उसळून उठला आणि माजघराच्या दाराशी आला. “मामा, तुम्हीही चला. तुम्ही आणि मी, एकाच नावेत! मामा-भाच्यांचं ते जुनं खूळ एकदाचं बुडवून टाकू भीमेत!”

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. “नको रे बाबा,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही तरुण माणसं जा. मी म्हातारा कशाला मध्ये...”

“चला की हो मामा!” संगप्पाने आग्रह धरला. “पानी आता पार उतरलंय.”

“मला... मला नाही जमायचं.”

गोपाळचा चेहरा उतरला. दोस्तांसमोर आपला शब्द खाली पडला याचा त्याला राग आला, आणि राग आला की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही! “जमायचं नाही कसं? भीती वाटते म्हणा ना! लहानपणापासून बघतोय मी. तलावाच्या काठीसुद्धा कधी उभं राहू दिलं नाहीत मला. बोरखेडचा एक माणूस बाजारात भेटला होता, तो बोलून गेला, ‘तुझ्या मामाची बायको गेली तेव्हा तो काठावर उभा होता.’ काठावर! तिकडे माहेरी मामी अडली, तुमचं नाव घेत घेत गेली असेल, आणि तुम्ही पाण्याला भिऊन पैलतीरी उभे!”

मामांनी काय सांगायचे? इतकी वर्षे काळजावर धोंडा ठेवून जे जपले, ते आता स्वतःची अब्रू वाचवायला उधळून द्यायचे? त्यांनी खाली पाहत म्हटले, “होय रे. काठावरच होतो मी. भित्राच आहे तुझा मामा.”

“दादा!” आतून यशोदाबाई ओरडली. परात हातातून सुटली आणि चिवडा जमिनीवर पसरला.

“यशे, शपथ आहे तुला! एक अक्षर बोलू नको!”

“जळो ती शपथ! माझी जीभ झडली तरी चालेल, पण हे नाही ऐकवत रे दादा, नाही ऐकवत!” पाहुण्यांची भीडभाड न धरता ती ओसरीवर आली आणि तिने लेकाचे दोन्ही दंड धरले. “मेल्या, कुणाला भित्रा म्हणतोस? तुला हसू येतं ना त्या टोपीच्या गोष्टीचं? त्याच नावेत तुझी मामी होती! तुझ्या अंगाला धक्का लागू नये म्हणून मी... मी करंटीनं ह्याला नावेतून उतरवलं. ‘मामा-भाचे एका नावेत नकोत’ म्हणाले. तो असता तर वाचवली असती त्यानं तिला. तू वाचलास, मी वाचले, आणि भरल्या पोटाची ती माऊली माझ्या डोळ्यांदेखत गेली रे...! आणि ह्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट तुला कळू नये म्हणून तोंडाला कुलूप घालून घेतलं!”

गोपाळ मटकन खाली बसला. मल्लप्पा आणि संगप्पा कधी उठून गेले, कुणाला कळले नाही.

पुष्कळ वेळाने गोपाळ मामांच्या पायांशी सरकला. “मामा... दर रविवारी मी ती गोष्ट सांगायचो. नकला करायचो. आणि तुम्ही आत बसून ऐकत होतात?”

“ऐकत होतो.”

“तोंडावर मारून गप्प का नाही बसवलंत मला? निदान उठून बाहेर तरी जायचं होतं!”

मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “वेडा आहेस. अरे, आधी आधी फार जड जायचं. मग मीच रविवारची वाट बघायला लागलो. तुझ्या गोष्टीत कुणी बुडत नाही रे गोपाळा. टोपी तेवढी जाते, आणि नाव काठाला लागते. मला वाटायचं, तू सांगतोस तेवढा वेळ ती नावेतच बसलेली आहे... कडेला, पदर सावरून.”

गोपाळने त्या सुरकुतलेल्या पावलांवर डोके टेकले आणि लहान मुलासारखा तो ढसाढसा रडला. यशोदाबाईही रडली. भाऊ-बहीण एकमेकांशी त्या दिवसाबद्दल आज प्रथमच बोलत होते. “मला क्षमा कर रे दादा,” ती म्हणाली, आणि मामा म्हणाले, “क्षमा कसली? तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.” मन मोकळे झाले. घर मोकळे झाले. पण पुढचा रविवार आला, दोस्त संकोचत आले, चहा झाला, आणि मामांनी माजघरातून हाक दिली, “गोपाळा, सांग की रे ती गोष्ट.” गोपाळने तोंड उघडले. “नाव अशी कलली...” एवढेच तो म्हणाला, आणि पुढे त्याला एक शब्द बोलता येईना. मामा थोडा वेळ वाट बघत बसले आणि मग त्यांनी पानाचा डबा मिटून ठेवला.

दसऱ्याच्या दिवशी सगळे भीमेवर गेले. मामाही गेले. “जाऊन येतो एकदा,” एवढेच ते म्हणाले होते. नावेला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, निंगप्पाचा लेक वल्ही धरून उभा होता. मल्लप्पाने हात देऊन मामांना नावेत घेतले. गोपाळने पाय उचलला... आणि मागे घेतला.

“बस की रे,” मामा म्हणाले. “आता कसली आलीय रीत?”

“रीत म्हणून नाही, मामा,” गोपाळ म्हणाला. “माझ्यासाठी तुम्ही उतरलात. आज तुमच्यासाठी मला उतरू द्या.”

नाव सुटली. काठावर एकटा उभा राहिलेला गोपाळ लहान लहान होत गेला. पाणी संथ होते, गढूळ होते. ज्यांची तोंडे कधी मिटत नसत ते खाली माना घालून बसले होते. मधोमध आल्यावर मामांनी सभोवार नजर फिरवली.

“आज कुणी गोष्ट नाही सांगत?” त्यांनी विचारले.

“काय सांगायचं मामा...” मल्लप्पा पुटपुटला.

“मग मी सांगतो.” मामांनी घसा खाकरला. “आमचा गोपाळ तेव्हा पाच वर्षांचा होता हो. पाणी चढलेलं. नाव जी कलली म्हणता, की स्वारी थेट पाण्यात! निंगप्पानं शेंडी धरून मुळ्यासारखा उपटून काढला. आणि बेटा विचारतो काय, तर ‘माझी टोपी कुठाय?’” ते हसले, अगदी गोपाळसारखे. “टोपी गेली. मग नाव काठाला लागली. यशोदा उतरली. गोपाळ उतरला. निंगप्पानं हात दिला आणि... आमची प्रेमलाही उतरली, सावकाश, पदर सावरून. मी पुढच्या खेपेला जाऊन पोचलो, तर ती माझी वाट बघत उभी!”

कुणी हसले नाही. संगप्पा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता. वल्ही मारणाऱ्या पोराचे हात क्षणभर थबकले आणि पुन्हा चालू लागले.

नाव बोरखेडच्या वाळूला लागली. एकेक जण उतरला. मल्लप्पाने पुन्हा हात पुढे केला. “मामा, काठ आला की.”

“तुम्ही व्हा पुढं,” मामा म्हणाले. “मी बसतो जरा.”