चार स्वच्छ ठिपके

साल एकोणीसशे एकोणनव्वद. माझी मुलगी पाच महिन्यांची होती, आणि मी एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर जंतू वाढवायचं काम करत होते. लोक हसायचे. "मारायचे सोडून वाढवता काय?" म्हणायचे. पण कामच तसं होतं. कुणाचा पू, कुणाचं रक्त, जे येईल ते काचेच्या चपट्या डबीतल्या जेलीसारख्या थरावर पसरायचं आणि डबी एक दिवस उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जे उगवेल त्यावरून रोग कळायचा. त्या डबीला आम्ही प्लेट म्हणायचो.

आमच्याकडे धुण्याला एक मावशी येत. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेराशी तुटलेलं होतं, कधी आणि कसं ते आम्ही विचारलं नाही. कपडे वाळले की घडी घालण्याआधी त्या प्रत्येकावरून चार बोटं फिरवायच्या, हलकेच, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावीत तशी. बाळाची दुपटी त्यांच्या हातून आली की अंगाला लावावीशी वाटत.

उन्हाळा संपता संपता बाळाच्या पाठीवर फोड आले. एक बसला की दोन उठत.

माझी नणंद तेव्हा आमच्याकडेच राहत असे. मी त्यांना वन्सं म्हणायचे. एक दिवस त्या मला न्हाणीघराच्या दाराशी घेऊन गेल्या. "वहिनी, त्या बाईचं बोट बघा. चिंधी बांधलीय. आत पिकलेलं असणार. आणि त्याच हातानं आपल्या पोरीचे लंगोट पिळतेय!"

मी पाहिलं. तुटक्या बोटावर खरंच चिंधी होती. मी मावशींना म्हटलं, "उद्यापासून येऊ नका."

त्यांनी हात पुसले. "बाळ बरं झालं की कळवा," एवढंच म्हणाल्या.

रोज पन्नास जणांच्या जखमा तपासणाऱ्या मला ती चिंधी सोडून बघायचं सुचलं नाही.

आठवड्यात कपडे धुण्याचं मशीन आलं. वन्संनी शेवटच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशकही आणलं, गुलाबी, सगळ्या घराला फुलांच्या दुकानाचा वास येईल असं. "एक झाकण टाकायचं आणि निर्धास्त राहायचं," त्या म्हणायच्या. आमचे हे गमतीनं म्हणायचे, "मलाही त्यात बुडवून काढ, ऑफिसची मरगळ जाईल." आम्ही सगळे कामावर. सकाळी धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत मशीनच्या झाकणाखाली ओले पडून राहायचे, मग बोळातल्या दोरीवर वाळायचे.

फोड वाढले. एका सोमवारी बाळाला ताप चढला आणि तिला आमच्याच इस्पितळात, माझ्या डोक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, "रक्तात उतरलंय. दोन-तीन दिवसांत काय ते कळेल."

हातावर हात ठेवून बसणं जमेना, म्हणून मी घरून तीन कपडे आणले आणि खाली येऊन तीन प्लेटींवर टेकवले. एक मशीनमधलं, गुलाबी पाण्याचं दुपटं. एक मी स्वतः उकळून कडक उन्हात वाळवलेलं. तिसरं ट्रंकेच्या तळाशी राहिलेलं, मावशींनी शेवटी धुतलेलं. तेवढं एकच उरलं होतं.

मंगळवारी उघडून पाहिलं. गुलाबी पाण्याच्या प्लेटीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोनेरी ठिपक्यांचा नुसता गालिचा. उकळलेल्या कपड्याच्या प्लेटीत जेमतेम दोन ठिपके. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. निरोगी घरात गरम पाणी, पूर्ण वाळणं आणि ऊन पुरतं. बारा तास दमट ठेवलेल्या कपड्याला झाकणभर गुलाबी औषधानं फक्त वास येतो.

तिसऱ्या प्लेटीत ट्रंकेतली बुरशी उगवली होती, करडी, लव आल्यासारखी. पण मधे चार जागा अगदी मोकळ्या होत्या. गोल, स्वच्छ, एका ओळीत. दुसरी जागा बाकीच्यांपेक्षा खाली होती.

मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवली. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "साबण राहिला असेल, बाई. घरी जा, झोपा थोडं."

मलाही ते पटलं. तरी मी दुकानातून नवं कोरं कापड आणलं, आमच्या मशीनमध्ये धुतलं आणि चिमट्यानं उचलून प्लेटीवर टेकवलं. धुतल्यावर त्याला कुणाचाच हात लागला नव्हता.

बुधवारी सोनेरी गालिचा होता. आणि त्यात चार मोकळ्या जागा. दुसरी खाली.

त्याच दिवशी बाळाच्या फोडातला पू माझ्या टेबलावर आला. कोणतं औषध लागू पडेल ते बघायचं होतं. तो मी प्लेटभर पसरला, कडेनं सहा औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती काही उगवत नाही. झाकण लावलं आणि डबी उबेत ठेवली.

गुरुवारी मी प्लेट उजेडात धरली.

सहाही टिकल्यांना जंतू अगदी खेटून उगवले होते. एकही औषध चालणार नव्हतं.

आणि मधोमध, जिथं मी काहीच ठेवलं नव्हतं, तिथं चार स्वच्छ बोटं टेकली होती.

मोठ्या डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आपला उजवा हात त्यांनी झाकणावर धरला. त्यांचं मधलं बोट त्या जागेच्या फार पुढे गेलं.

"कोण आहे हे?" ते हळूच म्हणाले.

मी धावत निघाले. भर दुपार होती. मावशी आपल्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या, कोरडे हात मांडीवर ठेवून. बोटाला चिंधी नव्हती. तिथं जुना, कधीचा भरून आलेला व्रण होता. गुळगुळीत.

"जखम नव्हती?" मी विचारलं.

"थोटकाला दगड लागतो घासताना. म्हणून बांधते." त्यांनी हात पुढे केला. बोटांवर रेषा नव्हत्या. एकही नाही. उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत टोकं होती.

मी खाली बसले. "मावशी, माझी चूक झाली. चला माझ्याबरोबर. औषध लागू पडत नाहीये."

"आता मशीन आहे ना तुमच्याकडे?"

"मावशी..."

"आणि येऊ कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "झालं की आत्ताच. जा, उठेल ती."

मी तिसरा मजला कसा चढले आठवत नाही. नर्स दाराशीच भेटली. ताप उतरला होता, अर्ध्या तासात. कुणी आलं नव्हतं. बाळ पालथं झोपलं होतं आणि पाठीवरच्या दुपट्यावर एकही सुरकुती नव्हती.

शनिवारी मी मावशींकडे गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्या बहिणीकडे राहायला गेल्या, एवढंच शेजारी म्हणाले. अकरा वर्षांनी त्या वारल्याचं कळलं, तेही उशिरा.

वन्संनी ती गुलाबी बाटली त्याच आठवड्यात मोरीत रिकामी केली आणि तिच्यात वेल लावला. तो त्यांच्यामागेही बरीच वर्षं तगला. मोठे डॉक्टर निवृत्त झाले त्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "ती प्लेट मी टाकली नाही." आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. माझी मुलगी आता स्वतः एका प्रयोगशाळेची प्रमुख आहे. पाठीवर फोडाचा डाग म्हणून नाही.

मी एकटी राहते. गरम पाणी, ऊन, बास. गेल्या महिन्यात मुलगी आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. ती हसली आणि गंमत म्हणून माझ्या उशीचा अभ्रा प्लेटीवर टेकवून बघायला घेऊन गेली. तो अभ्रा मीच धुतला होता, दोरीवरून मीच काढला होता.

तिनं फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. करड्या लवेत चार मोकळ्या जागा होत्या, दुसरी खाली. त्या मी ओळखल्या, जुन्या मैत्रिणीचं अक्षर ओळखावं तशा.

पण या वेळी खाली, थोडी बाजूला, पाचवी जागाही होती. अंगठ्याची.

कापड सारखं करताना मावशींचा अंगठा कधी लागत नसे. तो लागायचा वाळलेला कपडा दोरीवरून काढताना.